ज्याचं मेलं, त्यानं कावळा व्हायचं

मरणाचा कंटाळा येऊ शकतो, हे मला विशीतच कळलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात दहाव्याला, म्हणजे दशक्रियेला, गेलंच पाहिजे असा दंडक आहे. मयतीला एखाद्या वेळी चुकलं तर लोक समजून घेतात. दहाव्याला चुकलं की कुणीतरी बाजारात गाठून सांगतं, "तुमच्याकडनं कोन दिसलं न्हाई राव त्या दिवशी." वडिलांचे गुडघे आखडल्यापासून हे काम माझ्याकडं आलं होतं. मी तेव्हा अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग शिकत होतो. शनिवारी पिंपळवंडीला घरी आलो की रविवारी सकाळी चहाबरोबर वडील कुठल्या नदीवर जायचं ते सांगायचे, आणि मी मुकाट्यानं मोटरसायकलला किक मारायचो.

घाटावर सगळं ठरलेलं असायचं. महाराजांचं प्रवचन, माइकची घरघर, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. ज्या माणसाचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं तो मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, त्याच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली, असं एकामागून एक जण उठून सांगायचा. पुढाऱ्यांना पुढच्या दहाव्याला पोचायची घाई असायची, त्यामुळं कधीकधी नावही कानात विचारून घ्यायचे. मग पिंड मांडायचे आणि सगळ्यांनी मागं सरून कावळ्याची वाट बघायची. कावळा पिंडाला शिवला की माणूस सुटला, लोकही सुटले. नाही शिवला तर मेलेल्याचं काहीतरी राहिलंय असं धरतात. घरातले एकेक जण पुढं होऊन हात जोडतात आणि झाडाकडं बघून बोलायला लागतात. पोरीचं लग्न करून देतो. भावाशी अबोला सोडतो. कशावर तरी कावळा खाली उतरतो. अगदीच नाही उतरला तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि उरकून घेतात. मी मागच्या रांगेत जांभया दाबत उभा असायचो. वाईट वाटायला हवं, हे कळायचं. पण दर रविवारी माणसाला किती वाईट वाटणार?

तिथून अवसरीला खोलीवर यायचो, तर दुपारी पुन्हा मरणच वाट बघत असायचं. फरक इतकाच, की हे मरण मी स्वतः घडवून आणायचो.

ही काय भानगड होती ते सांगायला हवं. आम्हा चौघांना एका खेळाचं वेड लागलं होतं. चौघांतला एक चष्मेवाला, त्याचं आजोळ पुण्यात. तिथल्या मामेभावाकडून तो नियमांच्या प्रिंटआउटचा गठ्ठा आणि वीस तोंडांचा एक फासा घेऊन आला होता. खेळ म्हटलं तर गोष्टीचाच. एकानं गोष्ट सांगायची: तुम्ही घाटाच्या तोंडाशी आलात, समोर ओसाड किल्ला आहे, आतून धूर येतोय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी तलवारवाला, कुणी मांत्रिक, आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. वीस पडलं तर छाती फुगवायची, एक पडला तर कपाळावर हात मारायचा. गोष्ट सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सबमिशनच्या आदल्या दिवशी सरांना थापा मारण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं.

आमची खोली एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या बराखीला लागून होती. उन्हाळ्यात कांदा भरला की आमच्या कपड्यांना, जर्नलांना, फाशालासुद्धा वास यायचा. खेळ दुपारी सुरू व्हायचा आणि अंधार पडायच्या आत संपायचा, कारण बाकीच्या दोघांना उसाच्या कडेनं चालत आपापल्या खोलीवर जायचं असायचं आणि बिबट्या काही आमचे नियम वाचत नव्हता.

त्या दोघांतला एक हा चष्मेवाला. दुसरा पिंपरी पेंढारचा, म्हणून त्याला आम्ही पेंढारवाला म्हणायचो. घरी बागायत, आवाज मोठा, खाणं त्याहून मोठं. माझ्या खोलीतला सोबती मात्र वेगळ्या मुलखातला. आंबेगावच्या पश्चिमेला, धरणाच्याही वर, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या डोंगरातल्या घरातला. कमी बोलायचा. त्याचा मोठा भाऊ हिरड्याच्या झाडावरून पडून गेला होता, एवढं मला माहीत होतं. ते त्यानं एकदा कपडे वाळत घालताना सांगितलं होतं, आणि मीही पुढं काही विचारलं नव्हतं. त्याच्या केट्या, म्हणजे नापास होऊन मागं राहिलेले विषय, साचत चालल्या होत्या. गणिताचं पुस्तक उघडून तो त्याच पानावर सबंध संध्याकाळ बसायचा, पान उलटायचा आवाज यायचा नाही.

तर खेळातलं मरण. पेंढारवाल्याचा तलवारवाला पहिल्याच रविवारी मेला. राक्षसाशी लढताना नाही, विहिरीतून पाणी काढताना. फासा एकावर पडला, पाय घसरला, गडी खलास. आम्ही हसलो. पेंढारवाल्यानं कागद उलटा केला, मागं नवं पात्र लिहिलं आणि म्हणाला, "ह्यो त्याचा जुळा भाऊ. तलवार तीच." जुळा भाऊ पुढच्या आठवड्यात अजगरानं गिळला. मग तिळा निघाला. चष्मेवाल्याचा मांत्रिक मेला तेव्हा तो चहा करायला उठला होता. परत आला, मेल्याचं कळलं, "बरं" म्हणाला आणि आधी साखर कुणाला कमी ते विचारलं.

मला राग यायचा. सकाळभर मी परक्या माणसासाठी घाटावर उभा राहून आलेलो, आणि इथं आमच्याच पोटच्या पात्रांसाठी कुणी भुवईसुद्धा हलवत नव्हतं. मग मी सुधारणा करून पाहिल्या. मरणाऱ्यानं शेवटचे शब्द बोलायचे, असा नियम केला. पेंढारवाल्यानं शेवटचे शब्द म्हणून कॉलेजच्या मेसच्या भाजीला शिव्या घातल्या. मेलेल्याचा पुतळा गावात उभारला, तर पुढच्या वेळी त्यांनी त्या पुतळ्याच्या डोक्यावर चढून टेहळणी केली. एकदा मी चिडून तिघांनाही दरड कोसळवून मारलं. तेही त्यांनी मजेत घेतलं आणि पुढच्या रविवारी तीच पात्रं दरडीखालून जिवंत उकरून काढली. मरण स्वस्त झालं की दरडीनंही महाग होत नाही, आणि मी थकलो. खेळ बंद करावा असं मनापासून वाटायला लागलं.

अशाच एका रविवारी मी दहाव्याहून आलो तो डोकं धरूनच. कावळ्यानं लोकांना फार ताटकळत ठेवलं होतं. आल्या आल्या मी जाहीर केलं, "आजपासून कुणी मेलं की त्याचं दहावं घालायचं. त्याचं काय राहिलंय ते बाकीच्यांनी ओळखायचं आणि ते करायचा शब्द द्यायचा. कावळा शिवल्याशिवाय नवं पात्र मिळणार नाही."

वैतागून बोललो होतो. तिघं हसतील आणि विसरतील असं वाटलं होतं.

"कावळा कोन?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मीच की. गोष्ट माझी आहे."

तेव्हा माझा डोंगरातला सोबती कॉटवरून म्हणाला, "तू न्हाई. तुला काय ठावं त्याचं काय राहिलं? ज्याचं मेलं, त्यानं कावळा व्हायचं. आणि कावळ्यानं बोलायचं न्हाई."

इतका वेळ तो सहसा सलग बोलत नसे. आम्ही मान्य केलं.

पहिला मान पेंढारवाल्याच्या तिळ्यालाच मिळाला. तो त्याच दुपारी विषारी बाण लागून मेला. आम्ही वर्तमानपत्राच्या तुकड्यावर फरसाण ठेवलं. पेंढारवाला कॉटवर चढून उकिडवा बसला, मान वाकडी करून आमच्याकडं बघायला लागला. त्याला गप्प बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. चष्मेवाल्यानं हात जोडले, "तुला मारनाऱ्याचा सूड घेऊ." कावळा हलला नाही. "अजगराचा खजिना आनू." हलला नाही. "तुझी तलवार देवळात ठिवू." कावळ्यानं तोंड फिरवलं. आता हसूही संपत आलं होतं. आम्ही खरोखर आठवायला लागलो, हा गडी जिवंत असताना करत काय होता? लढायांच्या मध्ये काय बोलायचा? मग माझ्या सोबत्याला आठवलं. "म्हस," तो म्हणाला. "वाटंत एका गावात त्यानं म्हस घेतली व्हती. तिथंच बांधून ठिवलीया. तिला पानी कोन दावतंय?" मग हात जोडून म्हणाला, "तुझी म्हस मी सांभाळतो."

पेंढारवाला कॉटवरून उतरला आणि सगळं फरसाण एकट्यानं खाल्लं. पण खाताना त्याचे डोळे पाणावले होते. "लई वाईट राव," तो म्हणाला, "मला वाटलं कुनाच्या ध्यानातच न्हाई ती."

त्या दिवसापासून आमच्या गोष्टीत म्हैस आली. किल्ल्यावर चढायचं तर म्हशीचं काय करायचं, नदी ओलांडायची तर म्हशीला कसं न्यायचं, यावर तासन्‌तास वाद. कासरा माझ्या सोबत्याच्या पात्राच्या हातात असायचा. त्याचं पात्र म्हणजे वाटाड्या, घाटातल्या अवघड वाटा दाखवणारा. कुणी नवा शत्रू दिसला की तो आधी म्हैस आडोशाला बांधायचा आणि मग बोलायचा. आणि दर वेळी आम्हाला तो तिळा आठवायचा. मी जे शेवटचे शब्द, पुतळे आणि दरडी वापरून करू पाहत होतो ते एका म्हशीनं करून दाखवलं. मेलेल्यानं मागं काम ठेवलं होतं आणि ते कुणाच्या तरी हातात होतं, बाकी काही लागत नव्हतं. मला बरं वाटलं असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मला थोडी विश्रांती मिळाल्यासारखं वाटलं.

हिवाळा सरत आला तेव्हा वाटाड्या मेला.

कड्याची वाट होती. माझा सोबती नेहमीसारखा पुढं. मी विचारलं, "दगड सैल आहे, पाय देतोस का?" तो म्हणाला देतो. फासा त्यानंच टाकला. एक. पुन्हा सावरायची संधी असते, ती दिली. पुन्हा फासा जागच्या जागी लोळून दोनावर थांबला, आणि चौघांनीही वाकून पाहिलं. वाटाड्या कड्यावरून गेला.

कसा मेला ते माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. उंचावरून पडून. त्याच्या भावासारखाच. मी म्हणालो, "फासा उताणा नव्हता नीट, परत टाक."

"राहू दे," तो म्हणाला. "पडला तो पडला."

पेंढारवाल्यानं वर्तमानपत्र फाडलं. घरून आणलेल्या डब्यातला एक पेढा त्यावर ठेवला. माझा सोबती कॉटवर जाऊन बसला, गुडघ्यांना मिठी मारून. तो कावळ्यासारखी मान वगैरे वाकडी करत नव्हता. नुसता बसला होता.

बाकीच्या दोघांना अजून काही कल्पना नव्हती. त्यांना हा खेळच होता, आणि आता ते चांगलं खेळायला शिकले होते. चष्मेवाल्यानं मनापासून सुरुवात केली. वाट पुरी करू, म्हणाला. तू सांगितलेल्या खुणा दगडावर कोरू. पेंढारवाल्यानं वाटाड्याच्या घरची आठवण काढली. गोष्टीतल्या त्याच्या घरी आई होती आणि एक लहान भाऊ होता, असं त्यानं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. "तुज्या आईला धान्य पोचवू. घर शाकारून देऊ." कॉटवरून काही नाही. पेढा तसाच. रिकाम्या बराखीतूनही कांद्याचा वास येत होता आणि बाहेर कुणीतरी पंप चालू करायला धडपडत होतं.

मग पेंढारवाल्याला सुचलं. त्यानं हात जोडले, आवाज जरा जड केला, अगदी घाटावर करतात तसा. "तुज्या धाकट्याला राजधानीत ठिवू. शिकवू. मोठा मंत्री करू. शीव आता."

"त्याला इचारलं का कुनी?" कॉटवरून आवाज आला.

"कावळा बोलत नसतो राव," पेंढारवाला म्हणाला.

"धाकट्याला इचारलं का कुनी, त्याला जायचं का म्हणून?"

मग त्याला रडू फुटलं. गुडघ्यात तोंड घालून तो रडला, आणि आम्ही तिघं हात जोडलेले तसेच विसरून बसून राहिलो.

थांबल्यावर त्यानं सांगितलं. भावाच्या दहाव्याला कावळा उंबरावर येऊन बसला होता. बसला आणि नुसता बघत राहिला. वडील म्हणाले, बहिणीचं लगीन येत्या साली करतो. चुलते म्हणाले, घरावर नवी कौलं घालतो. कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला. ऊन चढलं, माणसं खोळंबली. तेव्हा मामा पुढं झाला आणि म्हणाला, "धाकट्याला इंजिनेर करतो." कावळा उडून पलीकडच्या काठाला गेला. शेवटी दर्भाचा कावळा केला.

"कावळ्यानं काहीच घेतलं न्हाई," तो म्हणाला. "पन घरच्यांनी समदं धरून ठिवलं. बहिणीचं लगीन झालं. कौलं झाली. राहिलो मी. दादाला इंजिनेर म्हंजी काय ते तरी ठावं व्हतं का? मला हितलं काय जमत न्हाई. पुस्तकावर नुसती नजर फिरती. सोडून घरी जावं असं रोज वाटतं. आन्‌ रोज वाटतं, सोडलं आन्‌ दादाचं तेच राहिलेलं असंल तर? माझ्यापाई तो आडकून बसंल."

इतके दिवस तो त्या एका पानावर का बसून असायचा, ते मला तेव्हा समजलं. पेंढारवाल्यासारखा माणूस पेढ्याच्या डब्याचं झाकण उगाच लावत आणि काढत होता.

"पन एक सांगू?" तो नाक पुसत म्हणाला. "आत्ता तुमी बोलत व्हता ना, वाट पुरी करू, आईला धान्य देऊ, मला त्यातलं काहीच नको व्हतं. काहीच राहिलेलं नव्हतं. नुसतं ऐकत बसावं वाटत व्हतं. शिवलो असतो की तुमी उठून गेला असता."

त्या दिवशी पेढा कुणी उचलला नाही. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या तेव्हा मी कागदासकट बाहेर ठेवून आलो.

दोन-चार दिवसांनी तो म्हणाला, "घरी जाऊन आईला इचारतो. चल संगं." मला एक दहावं चुकवायला कारण हवंच होतं. शुक्रवारी एसटीनं घोडेगाव, तिथून पुढची गाडी धरणाच्या कडेकडेनं वर, आणि शेवटचं चालणं. तो खिडकीतून धरणाचं पाणी बघत होता. मी मात्र मनातल्या मनात त्याच्या आईची सगळी उत्तरं म्हणून पाहत होतो आणि त्यातलं एकही मला बरं वाटत नव्हतं. आई म्हणाली, हो, त्याचीच इच्छा होती, तर हा संपला. म्हणाली, माहीत नाही, तरी हा जन्मभर तसाच लोंबकळत राहणार.

सकाळी त्याचे वडील रानात गेले होते. आई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होती. पहिली भाकरी झाली तशी तिनं एक तुकडा मोडला, पडवीत गेली आणि कुडाच्या बाजूच्या दगडावर ठेवला. कावळा आधीच येऊन बसलेला होता. तो लांबसुद्धा सरकला नाही. ती परत येऊन बसली.

"आई," त्यानं विचारलं, "दादाचं काय राहिलं व्हतं गं?"

"कवा?"

"दहाव्याला. कावळा शिवला न्हाई ते."

"मला काय ठावं." तिनं भाकरी उलटली.

मग त्यानं एका दमात सांगून टाकलं. मामाचा शब्द, कॉलेज, न जमणं, सोडायची इच्छा, आणि भाऊ अडकून राहील ही भीती. सांगताना तो चुलीकडं बघत होता. मी उठून बाहेर जावं की काय, या विचारात तसाच बसून राहिलो. त्याच्या आईनं पिठाचे हात पुसले. तिचा चेहरा दमलेला होता, पण तो नेहमीच तसा असावा.

"कावळा शिवंना तवा तुझा बा रडत व्हता," ती म्हणाली. "तुझा मामा रडत व्हता. मला बरं वाटलं व्हतं."

"बरं वाटलं?"

"म्हनलं, ह्याला जायचं न्हाई अजून. मलाबी त्याला लावून द्यायचं न्हाई. तुमी समदी त्याला हाकलाय बघत व्हता. लगीन करतो, जा. कौलं घालतो, जा. पोराला शिकवतो, जा. आरं, आत्ताच तर गेलं व्हतं लेकरू, बसू द्यायचं व्हतं जरा. मी एक सबूद बोलले न्हाई तितं."

माझ्या सोबत्यानं मान वर केली. ती पुन्हा भाकरीकडं वळली होती.

"तुला शिकायचं तर शीक. न्हाई तर ये घरी. भात हाय, हिरडा हाय. कावळ्याचं माझ्यावर सोड. त्याचं माझं रोजचं बोलनं हाय."

बाहेरच्या दगडावरचा तुकडा संपला होता. मला तिनं ताटात भाकरी वाढली आणि पोटभर खा म्हणाली. मी खाल्ली.

त्या रविवारी आम्ही पुन्हा जमलो. पेंढारवाल्यानं न सांगता पेढा आणला होता. माझा सोबती कॉटवर बसला, आम्ही तिघं खाली. पेंढारवाल्यानं हात जोडले आणि मग माझ्याकडं बघितलं, काय बोलायचं म्हणून.

"काय नको," माझा सोबती म्हणाला. "जरा बसा नुसतं."

आम्ही बसलो. इतका वेळ गप्प बसायची आम्हाला कुणालाच सवय नव्हती. चष्मेवाल्यानं चष्मा पुसला. उसाकडून वारा येत होता. मला दर रविवारचे घाट आठवले, माइक आठवले, घाईत उरकलेले सगळे पिंड आठवले, आणि मागच्या रांगेत उभं राहून मी ज्यांना 'शीव बाबा एकदाचा' म्हणालो होतो ते सगळे कावळेही. ऊन कॉटच्या पायाशी आलं तेव्हा तो खाली उतरला आणि पेढा उचलून तोंडात टाकला.

मग पेंढारवाल्यानं विचारलं, "आता म्हस कुनाकडं?"

नवा कागद पुढं ओढून माझा सोबती पात्र लिहायला लागला होता. त्यानं वर न बघता सांगितलं, "वाटाड्याचा धाकटा भाऊ हाय ना. त्याला इचार."

"बरं," पेंढारवाला त्याच्याकडं वळून म्हणाला. "तू घेतोस का रं म्हस?"

त्यानं पेन खाली ठेवलं आणि जरा विचार केला. खरोखरच विचार केला.

"घेतो," तो म्हणाला. "पन राजधानीत न्हाई येनार. म्हस घेऊन घरी जानार."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो कॉलेजात परतला नाही. त्याच्या पात्राच्या वाटचा फासा आमच्यात कुणी टाकला नाही. दहाव्याला मी अजूनही जातो, आता वडिलांच्या ऐवजी नव्हे, माझ्याच नावानं. कावळा यायला उशीर झाला आणि माणसं चुळबुळायला लागली की मीही थकून उभाच असतो. पण घाई करत नाही.